भाई परबांच्या पन्हळीची जाळी

"आता ओता," भाई म्हणाले.

पाण्याने भरलेली बादली घेऊन मी स्टुलावर उभा होतो. समोर खळ्यात, म्हणजे अंगणात, दोन चिऱ्यांवर, पत्र्याच्या पन्हळीचा एक जुना तुकडा आडवा ठेवला होता आणि त्याच्यावर मी मिरजेहून आणलेली जाळी. जाळीवर भाईंनी स्वतःच्या हाताने पानं पसरली होती. फणसाची आठ, आंब्याची सहा आणि जांभळाची दोन मुठी. मी बेताबेताने पाणी सोडायला लागलो.

"असं नव्हे. आमच्याकडे पाऊस विचारून पडत नाही. एकदम ओता."

मी बादली उलटी केली. पाणी जाळीवरून सरळ पुढे धावलं आणि भाईंच्या पायजम्यावर पडलं. पन्हळीत गेलं ते तांब्याभर. भाईंनी पायजमा पिळला आणि खांबाला टेकवलेल्या पाटीवर खडूने दोन नंबरपुढे फुली मारली.

"ही नापास," ते म्हणाले. "पाणी आत जायला घाबरतं. चहा घ्या."

भाई परब म्हणजे माझे सासरे. एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले, वय सत्तर. सासूबाई गेल्यापासून कुडाळच्या पुढे खुटवळ गावातल्या कौलारू घरात एकटेच राहत. माझ्याशी ते ठेवणीतली मराठी बोलत, कारण मी घाटावरचा, आणि वर जावई. एरवी त्यांचा सगळा कारभार मालवणीत चाले. ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली.

त्याच्या आदल्या मे महिन्यात भाईंचा डावा हात मनगटात मोडला होता. छपराची पन्हळ साफ करताना शिडीवरून पडलो, असं त्यांनी फोनवर सांगितलं. संज्योत म्हणजे माझी बायको, त्यांची एकुलती एक मुलगी. तिने त्या दिवशी जे मनावर घेतलं ते सोडलं नाही. "यंदा एक तर पन्हळीवर जाळी बसेल, म्हणजे पानं आत जाणार नाहीत आणि भाई शिडीवर चढणार नाहीत. नाहीतर घराला कुलूप लागेल आणि भाई मिरजेला येतील," असं तिने त्यांना तोंडावर सांगितलं होतं. भाई एकदाच मिरजेला आले होते. सहा दिवस रोज स्टँडवर जाऊन एसट्या बघत बसले आणि सातव्या दिवशी त्यांतल्याच एकीत बसून परत गेले. त्यांचा जीव आमच्याकडे रमणार नाही हे संज्योतलाही ठाऊक होतं. पण प्लॅस्टरमधला हातही तिनेच पाहिला होता.

जाळी निवडायला मला पाठवलं, कारण निवडणं हा माझा धंदा. मी पंपांच्या कारखान्यात खरेदी खात्यात होतो. तीन पुरवठादार, तीन नमुने, एक तुलनात्मक तक्ता, ही माझी पद्धत. या पद्धतीने मी बोल्टपासून बॉयलरपर्यंत सगळं घेतलं होतं. बायको मात्र या पद्धतीने मिळालेली नव्हती, आणि ती सगळ्यात चांगली निघाली होती, पण त्यावरून मी काही बोध घेतला नव्हता.

मी तीन नमुने आणि पाच दिवसांची रजा घेऊन गेलो. एक नंबर स्पंजाची जाळी. ती पन्हळीत कोंबून बसवायची. भाईंनी ती नाकाशी धरली, दाबली आणि म्हणाले, "हिच्यात श्रावणापर्यंत मुंग्यांची वस्ती होईल. भाद्रपदात त्या घरपट्टी मागतील." फुली. दोन नंबर बारीक स्टीलची. तिचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. तीन नंबर अॅल्युमिनियमची, भोकं पाडलेली, दहा दहा फुटांच्या पट्ट्यांत येणारी.

तीन नंबरची परीक्षा मंगळवारी सकाळी झाली. मी एकदम ओतलं. पाणी सगळंच्या सगळं पन्हळीत गेलं, पानं सगळीच्या सगळी वर राहिली. मी भाईंकडे पाहिलं. भाईंचा चेहरा उतरला होता.

"पास," मी म्हणालो.

"थांबा." ते खाली वाकले, एका भोकात अडकलेला जांभळाचा एक देठ चिमटीत धरून त्यांनी वर काढला आणि माझ्यासमोर धरला. "हे काय?"

"देठ."

"आज एक देठ. आषाढात हजार देठ. नापास."

त्याच वेळी शेजारून खोकल्याचा आवाज आला. तो आपांचा खोकला. आपा म्हणजे भाईंचे धाकटे भाऊ. हद्दीपलीकडे, चार हातांवर, त्यांचं घर. सोमवारपासून ते आपल्या ओट्यावर सुपारी कातरत बसून आमच्या सगळ्या परीक्षा पाहत होते. प्रत्येक जाळी नापास झाली की एकदा खोकत. खोकल्यात काळजी नव्हती, उलट समाधानच होतं, असं मला उगाचच वाटलं.

आपांशी बोलायची सोय नव्हती. भाई आणि आपा यांच्यात बावीस वर्षांचा अबोला होता, आणि तोही पन्हळीवरूनच. वाटण्या झाल्यावर आपांनी शेजारी घर बांधलं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी खळं सारवून, मांडव घालून तयार झालं आणि संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळला. भाईंनी त्याच आठवड्यात आपल्या पन्हळीचं तोंड हद्दीकडे वळवलेलं. सगळा लोंढा आपांच्या नव्या खळ्यात गेला आणि सारवण वाहून गेलं. आपा हद्दीवर येऊन म्हणाले, "पाणी वळव." भाई नुकतेच ड्युटीवरून आले होते. ते म्हणाले, "पाण्याक सांग." एवढंच. दुसऱ्या दिवशी भाईंनी पन्हळीचं तोंड मुकाट्याने आपल्या विहिरीकडे वळवलं, पण तोंडातून गेलेलं काही वळेना. हे मला संज्योतने लग्नानंतर लगेच सांगून ठेवलं होतं, जावयाला घरातल्या पायऱ्या दाखवून ठेवतात तसं.

"मग चौथा नमुना मागवू?" मी भाईंना विचारलं.

"मागवा की."

"तोही नापास होईल?"

"परीक्षा झाल्याशिवाय कसं सांगणार?" भाई म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी संज्योतचा फोन आला. ठरली का जाळी? मी म्हटलं, विचार चालू आहे. ती म्हणाली, "भाईंना सांग, शुक्रवारी तू एकटा परत येणार नाहीस. एक तर जाळीची ऑर्डर घेऊन ये, नाहीतर भाईंची बॅग." भाई शेजारीच उभे होते. ऐकू गेलं असणार. त्यांनी देवापुढचा दिवा उगाचच दोनदा पुसला.

बुधवार हा कुडाळचा बाजार. भाई सकाळी सातलाच इस्त्रीचे कपडे घालून तयार झाले. "आज परीक्षा नको. बाजाराला जाऊ, दिवसभर फिरू, संध्याकाळी येऊ." निघताना मी दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे, एरवी मागच्या पडवीत असणारी शिडी फणसाला टेकवून ठेवलेली. दुसरी म्हणजे, ओट्यावर पानाचं तबक. विड्याची चार पानं, कातरलेली सुपारी, चुन्याची डबी. भाईंच्या दाढा कधीच्या गेलेल्या. ते पान खात नसत.

"भाई, शिडी बाहेर राहिली."

"राहू दे. शिडीला कोण नेतो?"

एसटीत कंडक्टर ओळखीचा निघाला. भाई पायरीवर पाय ठेवतात तोच म्हणाला, "सांभाळून चढा भाई. गेल्या वर्सासारख्या नको. एकतीस वर्सां गाडी चालवलास आणि पायरेवरना पडलास." गाडीतली दोनतीन माणसं हसली. भाई खिडकीपाशी बसले आणि बाहेर पाहू लागले. बाहेर नेहमीचाच रस्ता होता.

"भाई," थोड्या वेळाने मी म्हणालो, "हात शिडीवरून पडून मोडला होता ना?"

"संज्योतला सांगू नका," ते खिडकीकडेच बघत म्हणाले. "ड्रायव्हर माणूस एसटीच्या पायरीवरून पडतो, हे बरं दिसत नाही."

म्हणजे सगळा खटाटोप मुळात एका थापेवर उभा होता. मग प्रश्न राहिला की पन्हळ साफ करताना पडले नव्हते, तर पन्हळ साफ कोण करत होतं? कारण ती दर वर्षी लख्ख असायची. पण तेव्हा माझ्या डोक्यात वेगळंच होतं. कुडाळात पत्र्याच्या दुकानात चौकशी करायची तर पन्हळीची नेमकी लांबी हवी, आणि ती मी मोजलीच नव्हती. मी पुढच्या थांब्यावर उतरतो म्हणालो.

"उद्या मोजा," भाई घाईने म्हणाले.

"शुक्रवारी मला जायचंय."

"मी सांगतो लांबी. चाळीस फूट. बेचाळीस धरा."

माप अंदाजे धरणं खरेदी खात्याच्या रक्तात नसतं. मी उतरलो आणि चालत परत आलो. भाई खिडकीतून मान बाहेर काढून माझ्याकडे बघत राहिले.

खळ्यात पाऊल टाकलं आणि थांबलो. शिडी छपराला लागली होती. शिडीवर आपा. एका हातात खराटी, खांद्याला टोपली. पन्हळीतली कुजकी पानं मुठीमुठीने काढून ते टोपलीत टाकत होते, सावकाश, एकही पान खाली न सांडता. गालात पान होतं. ओट्यावरच्या तबकातली दोन पानं कमी झालेली दिसली.

मला पाहून त्यांचा हात थांबला. बावीस वर्षांत भाईंच्या माणसांशी ते एक शब्द बोलले नव्हते. आता शिडीवरून पळून जाण्याची सोय नव्हती.

"भिंत माझी भिजता," ते म्हणाले. "पन्हळ तुंबली की पाणी माझ्या भिंतीर येता. म्हणान करतंय."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"तुम्ही माका बघूक नाय."

"नाही बघितलं. मी माप घ्यायला आलोय."

"एक्केचाळीस फूट," आपा म्हणाले आणि पुन्हा पाठ फिरवून कामाला लागले.

मी तरीही मोजली. एक्केचाळीसच भरली. मी ओट्याच्या कडेला बसलो आणि डोक्यात हिशेब लागत गेला. दर मे महिन्यातल्या एका बुधवारी भाई शिडी विसरतात, तबक मांडतात आणि दिवसभर बाजारात भटकतात. संध्याकाळी येतात तेव्हा पन्हळ साफ, शिडी जागेवर आणि तबक रिकामं असतं. कोणी कोणाला काही विचारत नाही. बावीस वर्षं एवढंच बोलणं चाललं होतं. आणि मी तिथे पानं अडवणारी जाळी घेऊन आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. चांगल्या दर्जाचा माल घेऊन आल्याबद्दल लाज वाटण्याची माझी ती पहिलीच वेळ.

संध्याकाळी भाई आले. पन्हळीकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "एक्केचाळीस फूट." ते म्हणाले, "हं." जेवताना मात्र म्हणाले, "धनंजयराव, हे माझ्याच्याने ठरत नाही. उद्या देवाला विचारू."

खुटवळ गावात सोयरिकीपासून विहिरीच्या जागेपर्यंत सगळं रवळनाथाला विचारून ठरतं. त्याला कौल घेणं म्हणतात. गुरव देवाच्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतो आणि देवापुढे गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्या तीन निविदांच्या पद्धतीपेक्षा ही पद्धत सुटसुटीत आहे, हे मला मान्य करावं लागलं. अट एकच होती. परबांचं गाऱ्हाणं असेल तर परबांचे दोन्ही मानकरी समोर हजर हवेत. दोन मानकरी म्हणजे भाई आणि आपा.

गुरुवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. गुरवाकडून निरोप गेला होता; आपा आधीच आले होते. दोघं भाऊ गाभाऱ्याच्या दाराच्या दोन बाजूंना उभे राहिले, नजरा देवाकडे. मी मागे उभा राहिलो. लवू गुरव सत्तरीचा होता, पंचा नेसलेला. त्याने पाकळ्या लावल्या आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा! आज ह्यो भाई परब तुझ्या पायाकडे इलो आसा. तेच्या पन्हळीत पानां साचतत. तेच्या चेडवान मिरजेसून जाळी धाडल्यान आसा. ती जाळी बसवची आसली तर उजवो दी, नको आसली तर डावो दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोघं भाऊ म्हणाले. मी थोडा मागून म्हणालो; चेडू म्हणजे मुलगी, एवढी मालवणी मला येत होती.

आम्ही वाट बघत राहिलो. पाकळ्या हलल्या नाहीत. दहा मिनिटं गेली, वीस गेली. बाहेर एक कोंबडा आरवून थांबला. लवू गुरव मागे वळला.

"देव बोलना नाय. मानकऱ्यांच्या पोटात कायतरी आसा. तां भायर काढल्याशिवाय तो बोलूचो नाय."

मग भाईंनी घसा साफ केला.

"लवू, देवाक सांग. जाळयेत खोट नाय. तीन नंबरची जाळी बरी आसा. मीच तिका नापास केलंय."

लवूने देवाकडे तोंड करून हे जसंच्या तसं सांगितलं. देव दोन हातांवर होता, त्याला ऐकू गेलं असणारच, पण रीत ती रीत.

"लवू," आपा म्हणाले, "देवाक इचार. बऱ्या जाळयेक नापास कित्याक केल्यान?"

लवूने विचारलं.

"देवाक सांग," भाई म्हणाले, "जाळी बसली तर पन्हळीत पानां पडूची नाय. पानां पडली नाय तर बुधवारी बाजारात जावक माका कारण नाय. आणि मी घरात आसलंय, तर एक माणूस हद्दीच्या अल्याड येवचो नाय."

लवूने सांगायला सुरुवात केली, मध्येच अडखळला, पण पुरं केलं.

"देवाक सांग," आपांचा आवाज बारीक झाला होता, "तो माणूस भिंतीसाठी येता."

"देवाक म्हायत आसा," भाई म्हणाले. "भिंत चिऱ्याची आसा. चिऱ्याक पाण्याचा भय नाय."

आपांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मगे जाळी नको म्हणान सांग. सोप्या आसा."

"नको म्हटलंय तर चेडू माका मिरजेक व्हरता. घराक कुलूप घालता."

आपांची मान भाईंकडे वळली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. "कुलूप?" ते म्हणाले. मग आपण कोणाशी बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी झटकन तोंड देवाकडे केलं. "लवू, देवाक इचार, कुलूप म्हणजे काय?"

"देवा म्हाराजा," लवू म्हणाला, "कुलूप म्हणजे काय, असा आपा इचारता."

"कुलूप म्हणजे कुलूप," भाई म्हणाले.

"आणि कुलपातल्या घराची पन्हळ साफ करून मी खयच्या देवाक दाखवू?"

हे लवूने देवाला सांगितलं नाही. त्याने पंचाच्या टोकाने डोळे टिपले. दोन म्हातारी माणसं चार फुटांवर उभी होती आणि एकमेकांकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती. पाकळ्या अजून जागच्या जागी होत्या. आणि उद्या माझ्याबरोबर एक तर ऑर्डर जाणार होती, नाहीतर बॅग.

तेव्हा मला माझा तक्ता आठवला. शर्टाच्या खिशातच होता. त्यात शेवटी 'देखभाल' नावाचा एक रकाना असतो. पुरवठादार त्याबद्दल हळू आवाजात बोलतात आणि खरेदी खातं तो शक्यतो दुमडून ठेवतं. मी तो उलगडून वाचला.

"लवूकाका," मी म्हणालो, "मी मिरजेचा. माझं गाऱ्हाणं चालेल का?"

लवूने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बोला. देवाक घाटावरची भाषा कळता."

मी पुढे झालो. हात जोडावेत की कागद धरावा हे कळेना, म्हणून कागद धरूनच हात जोडले.

"देवा महाराजा, तीन नंबरच्या जाळीत एक दोष आहे. तो मी भाईंना सांगितला नव्हता. भोकांत देठ अडकतात, भाई म्हणतात ते खरं आहे. त्यामुळे ती वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, उतरवून धुवावी लागते. शिडी लागत नाही, ओट्यावर स्टूल ठेवलं तरी हात पोचतो. पण पट्टी दहा फुटांची आहे. एकट्याने उतरवली तर मधोमध वाकते. कंपनीने लिहून दिलंय की दोन टोकांना दोन माणसं पाहिजेत. एका माणसाने काम केलं तर हमी राहत नाही."

भाई माझ्याकडे बघत होते. आपाही माझ्याकडेच बघत होते. मग दोघांच्या नजरा माझ्यावरून निसटल्या आणि, दुसरीकडे जायला जागा नसल्यामुळे, एकमेकांवर गेल्या.

पाकळी पडली. उजवी.

त्या वेळी वारा होता का, लवूचा हात पाषाणाच्या किती जवळ होता, याची मी नोंद ठेवलेली नाही. योग्य जागी सही दिसली की पुढचं विचारायचं नाही, हे मी नोकरीत शिकलो होतो.

"उजवो!" लवू ओरडला.

"व्हय म्हाराजा!" दोघं भाऊ एका सुरात म्हणाले.

बाहेर आल्यावर मी संज्योतला फोन लावला.

"ठरली. तीन नंबर."

"चांगली आहे ना?"

"देखभाल जास्त आहे."

"मग घेतलीस कशाला?"

"देखभालीसाठीच घेतली," मी म्हणालो, आणि रेंज गेली असं दाखवून फोन ठेवला.

पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं खुटवळला गेलो. बुधवार आला. भाई बाजाराला गेले नाहीत. सकाळी आठला आपा हद्दीवर येऊन उभे राहिले, टोपी घालून, पाहुण्यासारखे. भाईंनी ओट्यावर दोन स्टुलं मांडली होती आणि मध्ये तबक. आपा आले, एका स्टुलावर चढले. भाई दुसऱ्यावर चढले. संज्योत माझा दंड घट्ट पकडून दारात उभी होती.

"धर," भाई म्हणाले.

"धरलंय," आपा म्हणाले.

जाळी उतरली. पट्टी जराही वाकली नाही. संज्योत आत जाऊन रडून आली आणि मग सगळ्यांना चहा केला. इतक्या वर्षांनंतरचं बोलणं एवढंच झालं. पुढेही ते फारसं वाढलं नाही. पाणी किती पडलं, फणस किती लागले, लवूचा गुडघा, एसटीच्या वेळा. पण ते रोज बोलत. बुधवारची वाट बघत थांबत नसत.

भाई त्यानंतर आठ वर्षं त्याच घरात राहिले. मिरजेची गोष्ट पुन्हा निघाली नाही. एसटीच्या पायरीचं मी संज्योतला ते गेल्यावर तेराव्याच्या दिवशी सांगितलं. ती हसली आणि बराच वेळ हसतच राहिली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. घराची किल्ली आम्ही आपांकडे दिली आणि परत आलो.

त्या वर्षी मे महिन्यात ऑफिसात फोन आला. आपा होते. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता, आणि फोनवर काय बोलायचं असतं याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"धनंजयराव, बुधवारी येवा," ते म्हणाले. "जाळी उतरवची आसा. माझा टोक मी धरतंय. दुसऱ्या टोकाक कोण नाय."

मी रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' असं लिहिलं. संध्याकाळी घरी जाताना मंडईत थांबून विड्याची चार पानं आणि सुपारी घेतली.